माझी बाग, आप्पांचे मन

भाचीच्या आग्रहाखातर परसातल्या वीस बाय बारा फुटांच्या मुरमाड जागेसाठी मी पुण्याहून बागेची आखणी करणाऱ्या एका बाईंना बोलावले, आणि त्याचे फळ काल सायंकाळी नकाशाच्या गुंडाळीतून हाती पडले. बाईंची पद्धत अशी की झाडे आधी ठरवायची नाहीत. बागेत बसल्यावर आपल्याला काय वाटायला हवे ते आधी ठरवायचे आणि मग त्याला साजेशी सावली, वास आणि बैठक शोधायची. मला हे मनापासून पटले होते. उत्तरही तयार होते : एकांत.

मात्र बाईंनी प्रश्न विचारला त्याच क्षणी भिंतीपलीकडून आप्पांचे डोके वर आले. आप्पांचे आयुष्य यंत्रमागावर गेले. त्या खडखडाटात कान गेले आणि आवाज वाढला, त्यामुळे त्यांनी स्वतःशी काढलेले उद्गारही आमच्या स्वयंपाकघरात ऐकू येतात.

"गार वाटाया पाहिजे," आप्पा म्हणाले. "सोलापुरात दुसरं काय वाटतंय बाई?"

"आप्पा, त्या मला विचारत आहेत."

"तुमचंच सांगायलोय की ओ सर."

"मला एकांत हवा आहे," मी घाईने म्हणालो.

"एकांत घेऊन काय करताव? गेल्या उन्हाळ्यात वहिनी माहेरी गेल्या, तवा आठ दिवस एकांतच होता की. रोज आमच्याकडं जेवायला येत होताव."

बाईंनी हे लिहून घेतले. पुढची अर्धी घटका आप्पा बोलत होते. हिरवळ लावायची म्हणजे नळाला चार-पाच दिवसांनी येणारे पाणी गवताला पाजून घरच्यांनी कोरडे राहायचे. पश्चिमेला कडुनिंब लावा, कारण इथे मारतो तो दुपारी चारचा सूर्य. मोगरा लावा, तो ऐन उन्हाळ्यातच फुलतो, आणि त्याच्या मुळाशी मातीचे मडके पुरून भरून ठेवा, म्हणजे पाणी हळूहळू झिरपते. बाई माना डोलवत होत्या. यातले एकही वाक्य चुकीचे नव्हते, आणि राग नेमका त्याचाच आहे. मूर्ख माणसाने आपली बाग बळकावली तर निदान तक्रार तरी करता येते.

फिरदौस म्हणजे स्वर्ग, आणि त्या शब्दाचे मूळ ज्या प्राचीन इराणी शब्दात आहे त्याचा अर्थ आहे भिंतीने वेढलेली जागा. म्हणजे स्वर्गाची पहिली अट झाडे नव्हेत, भिंत. आमच्या भुईकोट किल्ल्याला तर दुहेरी तटबंदी आहे. माझी भिंत चार फुटांची, आप्पा साडेपाच फुटांचे, म्हणजे स्वर्गात दीड फूट आप्पा कायमचे. भिंत वाढवावी म्हटले तर सौ. म्हणते, "त्यांना काय वाटेल?" आप्पांना काय वाटेल याची काळजी सगळ्यांना आहे. तीस वर्षे वर्गात साठ-साठ पोरांचा गलका ऐकून निवृत्त झालेल्या माणसाला तासभर कोणी हाक मारू नये असे वाटते, तर तो मात्र माणूसघाणा ठरतो.

काल नकाशा उलगडला. पहिल्याच पानावर 'अपेक्षित भावना : गारवा आणि सोबत' असे सुबक अक्षरांत लिहिलेले आहे. 'एकांत' हा शब्द शोधण्यासाठी मी चष्मा बदलून पाहिला. कडुनिंब पश्चिमेला आहे, मोगरा मडक्यासह आहे, आणि बसायचा कट्टा चार कोपरे सोडून बरोबर आप्पांच्या भिंतीला चिकटवला आहे. त्याला 'संवाद-कट्टा' असे नाव आहे. खाली बिल आहे, आणि ते माझ्या नावावर आहे.

आज सकाळी चहाचा कप घेऊन मी मुद्दाम परसाच्या दुसऱ्या टोकाला, भर उन्हात खुर्ची टाकून बसलो. भिंतीवरून एक हात आला. हातात ताटली होती आणि ताटलीत कडक भाकरीचा तुकडा व शेंगाचटणी.

"हिकडं सावली हाय ओ सर," आप्पा ओरडले.

मी खुर्ची उचलली.