कार्पेट आणि सुपर बिल्ट-अप

मुंबईत घर शोधलेल्या माणसाला सिनेमाच्या थिएट्रिकल आणि एक्स्टेंडेड (वाढवलेल्या) आवृत्त्यांतला फरक समजावून सांगावा लागत नाही. थिएट्रिकल म्हणजे कार्पेट, घरातली वापरायची जागा; एक्स्टेंडेड म्हणजे सुपर बिल्ट-अप, बाहेरच्या सामायिक जागेसकट. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चा तिसरा भाग थिएटरात २०१ मिनिटांचा होता, डीव्हीडीवर तो २५१ झाला. पहिल्या भागाच्या एक्स्टेंडेडच्या शेवटी तर फॅन क्लबवाल्यांची नावं वीसएक मिनिटं सरकत राहतात. हा जिना, लिफ्ट आणि लॉबी.

तर गेल्या रविवारी मी पहिल्या भागाच्या दोन्ही आवृत्त्या ताडून बघायला बसलो.

“तोच सिनेमा दोनदा?” बायकोने विचारलं.

“दोनदा नाही गं, एकाच वेळी.”

ती पिशवी घेऊन बाजारात गेली. दुपारपर्यंत आली नाही.

टीव्हीवर थिएट्रिकल, टीपॉयवरच्या लॅपटॉपवर एक्स्टेंडेड. हल्लीच्या लॅपटॉपला डिस्क घालायला फटच नसते, म्हणून लॅमिंग्टन रोडवरून बाहेरून जोडायचा ड्राइव्ह आणला होता. सुरुवातीचा पूर्वेतिहास दोन्हीकडे जवळजवळ जोडीने चालला. मग लॅपटॉपवर म्हातारा बिल्बो टेबलाशी बसून हॉबिट या आपल्या बुटक्या जमातीची माहिती लिहायला लागला, आणि टीव्हीवर जादूगार गॅन्डाल्फची गाडी गावात शिरलीसुद्धा! टीव्ही थांबवला. लॅपटॉप पुढे गेला. तो थांबवून टीव्ही सोडला. डाव्या हातात रिमोट, उजव्यात माउस; तबलजी सम शोधतो तसा मी अर्धा तास सम शोधत होतो. तेवढ्यात वॉचमन सांगायला आला, पाणी दहा मिनिटंच राहील. बादल्या भरून परतलो तर दोन्हीकडे जंगल, आणि कुठलं जंगल कुठल्या आवृत्तीतलं, देव जाणे.

शिवाय एक्स्टेंडेडचा प्रत्येक भाग दोन डिस्कवर. ऐन रंगात उठून डिस्क बदला. मध्यंतराचं आपल्याला वावडं नाही, पण शिवाजी मंदिरात मध्यंतराला बटाटावडा तरी मिळतो.

खुद्द दिग्दर्शक पीटर जॅक्सन एक्स्टेंडेडला ‘डायरेक्टर्स कट’, म्हणजे दिग्दर्शकाची खरी आवृत्ती, म्हणत नाही. तिसऱ्या भागाला ११ ऑस्कर मिळाली तीही कार्पेटवरच. मलाही पहिल्या भागातली भर गोड वाटते, पण पुढेपुढे पाहुण्यांना जबरदस्तीने अल्बम दाखवल्यासारखं होतं. अपवाद एक, सारुमानचा.

थिएटरमधल्या तिसऱ्या भागात हा दाढीवाला खलनायक गायबच आहे. त्याच्या मरणाचा प्रसंग कापला म्हणून त्याचं काम करणारे ख्रिस्तोफर ली इतके दुखावले की प्रीमियरला गेलेच नाहीत. बरोबरच आहे. आमच्याकडे लग्नाच्या व्हिडिओत दिसले नाहीत म्हणून एक काका अजून बोलत नाहीत.

संध्याकाळी जुळवाजुळव सोडली आणि तिसरा भाग, एक्स्टेंडेड, थेट टीव्हीवर लावला. आई दिवाणावर मेथी निवडत होती. हा सिनेमा तिने मागे माझ्यासोबत पाहिला होता. सुरुवातीलाच सारुमान मनोऱ्यावर आला, त्याच्याच चाकराने पाठीत सुरा खुपसला, आणि तो खाली चाकाच्या अणकुचीदार दांड्यावर पडला.

आईचे हात थांबले.

“अरे, हाच ना तो बुवा? मेला होता होय हा?”

“हो. आपल्याला दाखवलं नव्हतं.”

“मग सांगायचंस ना! मला मेलीला शेवटपर्यंत वाटत होतं, हा मागून येणार.”

मेथी निवडायचं सूप उचलून ती आत गेली. सिनेमा अजून चार तास होता.