इंजिन एक, ट्युनिंग वेगळं: ‘डस्टरचंच इंजिन’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया मनापासून आणि चिडून लिहिलेली आहे, म्हणून दोन ओळींत उरकत नाही. मागच्या लेखात मी लिहिलं होतं की रेनो डस्टर टर्बो आणि मर्सिडीजची ए २०० लिमोझिन या दोघींचं १.३ लिटरचं पेट्रोल इंजिन मुळात एकच आहे, तरी चालवताना दोन निराळी इंजिनं वाटतात. त्यावर तुमचं म्हणणं असं: हे ‘निराळं वाटणं’ म्हणजे कंपन्यांची भलामण. दहा-बारा लाखांच्या गाडीचं इंजिन चाळीस लाखांना विकायचं, सात पीएस (म्हणजे साधारण हॉर्सपॉवर) वाढवायचे आणि त्याला ट्युनिंग म्हणायचं. तुमच्याच शब्दांत, ‘एकाच कढईतली भजी, टपरीवर वीस रुपये आणि पंचतारांकितमध्ये चारशे.’ आणि शेवटी तुम्ही लिहिलंय की सगळा खेळ सॉफ्टवेअरचाच असेल तर तुमची सेकंडहँड डस्टर रीमॅप करून घेता (म्हणजे इंजिनाचं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवून घेता), मग ती मर्सिडीजच्या पुढे जाईल.

हे शेवटचं वाक्य वाचूनच मी सविस्तर लिहायला बसलो. बाकीच्या मुद्द्यांवर मतभेद राहिले तरी चालतील, पण रीमॅपच्या आधी हे वाचाच.

सात पीएसचा मुद्दा तुमचा बरोबर आहे, किंबहुना तुम्ही मांडलात त्याहून जास्त बरोबर आहे. २०२० ची डस्टर ५५०० आरपीएमला (इंजिनाचे मिनिटाला फेरे) १५६ पीएस देते आणि १६०० ला २५४ न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर. २०२१ च्या ए २०० ची ताकद ५५०० लाच १६३ पीएस, आणि टॉर्क १६२० आरपीएमपासून २५०. म्हणजे टॉर्कमध्ये मर्सिडीज चार न्यूटन-मीटरनं मागेच आहे. पीएसवरून उलटा हिशेब केला तर ५५०० ला डस्टरचा टॉर्क साधारण १९९ येतो आणि मर्सिडीजचा २०८. नऊ न्यूटन-मीटरचा फरक, तोही आरपीएमचा काटा पार वर नेल्यावर. एक्स्प्रेसवेवर शंभरनं चालताना काटा दोन हजारांच्या आसपास असतो, तेव्हा हे सात पीएस कुणाला भेटणार? पीएसच्या आकड्यावरून मर्सिडीजची किंमत पटवून देणारा विक्रेता भेटला तर त्याचं ऐकू नका.

मात्र ‘डस्टरचं इंजिन मर्सिडीजमध्ये घातलं’ हे खरं नाही. रेनो-निसान आणि मर्सिडीजची तेव्हाची मूळ कंपनी डायम्लर यांनी ते मिळून तयार केलं आणि २०१७ च्या अखेरीस जाहीर केलं. रेनोसाठी ते स्पेनमध्ये वायादोलिदला बनायचं आणि मर्सिडीजसाठी जर्मनीत कोलेडाला. ए-क्लासमध्ये, म्हणजे ए २०० च्या मालिकेत, ते २०१८ साली आलं, आपल्याकडच्या डस्टरमध्ये २०२० साली. त्याच्या सिलिंडरमध्ये बिडाचे लायनर (आतल्या अस्तराच्या नळ्या) नाहीत. ॲल्युमिनियमच्या भिंतींवर धातूचा पातळ थर फवारलेला असतो, आणि ही पद्धत निसाननं आधी जीटी-आर या स्पोर्ट्स कारमध्ये वापरली होती. तेव्हा याला स्वस्त इंजिन म्हणणं मला पटत नाही. खरं तर बारा लाखांच्या डस्टरला तिच्या किमतीच्या मानानं फार चांगलं इंजिन मिळालं होतं.

आता ट्युनिंग. ‘फक्त सॉफ्टवेअर’ हे कधी खरं असतं, कधी अजिबात नसतं, आणि नुसत्या आकड्यावरून ते ओळखता येत नाही. दोन्ही प्रकार दाखवतो.

पहिला प्रकार मर्सिडीजच्या घरातलाच. युरोपात याच १.३ लिटरच्या इंजिनावर ए १६०, ए १८० आणि ए २०० अशा तीन गाड्या विकल्या गेल्या: १०९, १३६ आणि १६३ पीएस. अशा शिडीत बराचसा भाग ईसीयूमधल्या (इंजिन चालवणाऱ्या संगणकातल्या) नकाशांचा, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या तक्त्यांचा, असतो आणि पायरीपायरीनं किंमत लावता यावी हाही हेतू असतो. इथे तुमचा राग रास्त आहे.

दुसरा प्रकार रेनोच्या १.५ डिझेलचा, म्हणजे के९के. नाशिकला महिंद्राच्या कारखान्यात बनणाऱ्या लोगानमध्ये हे १४६१ सीसीचं इंजिन ६५ पीएस द्यायचं. २०१२ मध्ये डस्टर आली ती ८५ आणि ११० अशा दोन अवतारांत. सीसी तीच, बाहेरून बघणाऱ्याला इंजिनही तेच. पण ८५ च्या टर्बोची (इंजिनात जास्त हवा कोंबणाऱ्या पंख्याची) भूमिती ठरलेली आणि जोडीला पाच गिअर. ११० च्या टर्बोत एक्झॉस्टच्या वाटेवरची पाती कोन बदलतात आणि गिअर सहा. हा लोखंडातला फरक आहे. लॅपटॉप जोडून ८५ ची ११० होत नाही.

आणि यातली जास्त ताकदीची गाडी सगळीकडे सरस होती असंही नाही. कसारा घाटात कंटेनरच्या मागे अडकलं की हे पायाला कळतं. दुसरा गिअर, काटा पंधराशेवर, पुढचा कंटेनर चालण्याच्या वेगानं वळण घेतोय. ८५ वाली तिथे तक्रार न करता ओढत राहते. ११० वाली त्याच जागी गप्प असते, ॲक्सिलरेटर दाबला तरी क्षणभर काहीच होत नाही, मग काटा दोन हजार ओलांडतो आणि गाडी एकदम सुटते. तेवढ्यात कंटेनर ब्रेक मारतो. मोकळ्या रस्त्यावर, भरल्या गाडीनं, ११० चा हात कुणी धरू शकत नव्हतं; पण शहरात रोज फिरणाऱ्या अनेकांना ८५ च बरी वाटायची. पंचवीस पीएस जास्त असूनही. म्हणून मी लेखात ‘किती ताकद’ यापेक्षा ‘ती कुठे मिळते’ यावर इतकं लिहिलं होतं. ती भलामण नव्हती.

बरं, महागड्या ब्रँडला नेहमी जास्त ताकदीचं ट्युनिंग मिळतं हाही गैरसमज आहे. आपल्याकडचंच उदाहरण घ्या. शेंद्रा एमआयडीसीतल्या कारखान्यात स्कोडा ऑक्टाव्हिया आणि ऑडी ए४ दोन्ही जुळवल्या जायच्या. २०२१ मध्ये दोघींना एकाच कुळातलं २ लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन होतं आणि दोघींचे आकडेही तेच: १९० पीएस, ३२० न्यूटन-मीटर. ऑक्टाव्हिया सुमारे २६ लाखांपासून, ए४ सुमारे ४२ लाखांपासून. त्याच्या आदल्या वर्षी आलेली ऑक्टाव्हिया आरएस २४५ आणि तेव्हाची ऑडी ए६ यांचंही तसंच: दोघींना २४५ पीएस आणि ३७० न्यूटन-मीटर. तेव्हाच्या टोयोटा कॅमरी हायब्रिड आणि लेक्सस ईएस ३००एच दोघींची एकूण ताकद २१८ पीएस होती. इथे ट्युनिंगच्या नावावर पैसे घेतले असं म्हणायला जागाच नाही, कारण ताकदीत फरक ठेवलेलाच नाही.

मग जास्तीचे पैसे जातात कुठे? ऑक्टाव्हियात इंजिन आडवं बसतं, ए४ मध्ये गाडीच्या लांबीत उभं. त्याबरोबर गिअरबॉक्स बदलतो, माउंटिंग बदलतं, पुढच्या चाकांची जागा बदलते. बाकी काचा, आवाज अडवणारे थर, सस्पेन्शन, सीट, आणि अर्थात लोगो. लोगोचे पैसे किती आणि बाकीचे किती हे ज्यानं त्यानं ठरवावं. माझं विचाराल तर ऑक्टाव्हिया आणि ए४ मधल्या सोळा लाखांतले निम्मे तरी मला पटत नाहीत. पण तो इंजिनाचा दोष नव्हे.

ए २०० कडे परत येतो, कारण माझ्या मूळ वाक्याचा आधार अजून दिलेला नाही. मर्सिडीजनं ए २०० साठी या इंजिनात सिलिंडर बंद करण्याची सोय ठेवली. १२५० ते ३८०० आरपीएमच्या दरम्यान, हलक्या पायानं चालवताना, दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या झडपा बंदच राहतात आणि गाडी पहिल्या व चौथ्या सिलिंडरवर चालते. त्या दोघांवर भार वाढतो, त्यामुळे थ्रॉटल (हवा आत सोडणारी झडप) जास्त उघडा ठेवता येतो, हवा ओढण्यात वाया जाणारी ताकद वाचते आणि पेट्रोल कमी लागतं. पण चारांची दोन झाली की थरथर वाढते. ती केबिनमध्ये पोचू द्यायची नाही, आणि पाय दाबताच चारही सिलिंडर धक्का न देता परत आणायचे, ही खरी मेहनत. भारतातल्या डस्टरला ही सोय नव्हती. त्यात ए २०० ला सात गिअरचा ड्युअल-क्लच ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आणि डस्टरला मॅन्युअल किंवा सीव्हीटी (बेल्ट आणि पुलीवर चालणारा ऑटोमॅटिक). पीएसच्या रकान्यात यातलं काहीच दिसत नाही.

तुमच्या भज्यांच्या दाखल्यावर एवढंच म्हणतो: भजी खाल्ली की विषय संपतो, इंजिनाला त्यानंतर दहा वर्षं उन्हापावसात चालायचं असतं. आणि तिथूनच रीमॅपकडे येतो.

तुमच्या डस्टरवर १५६ चे १८०-१९० करून देतो म्हणणारे भेटतील. आकडा येतोही. पण कंपनीनं तो आकडा सोडून दिला तो आळसानं नव्हे. तुमची गाडी ज्या वर्षीची आहे तेव्हा आपल्या पंपावरचं साधं पेट्रोल ९१ ऑक्टेनचं होतं, युरोपात ९५ हे सर्वसाधारण. ऑक्टेन कमी म्हणजे इंजिन लवकर नॉक करणार, म्हणजे मिश्रण अवेळी पेटून ठोके बसणार, म्हणून बूस्ट (टर्बोचा हवेचा दाब) आणि स्पार्कची वेळ राखून ठेवावी लागते. दुसरं, लहान, डायरेक्ट इंजेक्शनच्या टर्बो इंजिनांत कमी आरपीएमला जास्त भार टाकला की कधीकधी स्पार्कच्या आधीच मिश्रण पेटतं. एकदा-दोनदा झालं तर एक खणखणीत ठोका ऐकू येतो. वारंवार झालं तर पिस्टनच्या रिंगांमधल्या कडा तुटतात. आणि रीमॅपवाले नेमका खालच्या आरपीएमचाच टॉर्क वाढवतात, कारण चाचणीच्या फेरीत ग्राहकाला तोच लगेच जाणवतो आणि तो खूश होतो. तिसरं, गिअरबॉक्सची सहनशक्ती २५४ न्यूटन-मीटर धरून निवडलेली आहे. मॅन्युअलमध्ये जास्तीचा टॉर्क आधी क्लच खातो, तो बदलता येतो. सीव्हीटीमध्ये बेल्ट आणि पुली घसरायला लागल्या तर खर्चाचा आकडा पाहून गाडी विकावीशी वाटेल.

रीमॅप करूच नका असं मी म्हणत नाही. पण ज्या दुकानात तुमच्या गाडीचा आधीचा लॉग (चालत्या इंजिनाच्या आकड्यांची नोंद) घेतला जात नाही, स्पार्क प्लग आणि ऑइलचा ग्रेड विचारला जात नाही, तिथे एक रुपयाही देऊ नका.

विक्रेते इंजिन कुठून आलं ते सांगत नाहीत, ही तुमची तक्रार मात्र मला शंभर टक्के मान्य आहे. चाळीस लाख मोजणाऱ्यानं विचारलं तर सरळ उत्तर मिळायलाच हवं. सामायिक इंजिन असणं ही लपवण्यासारखी गोष्ट नाही. उलट लाखो गाड्यांत चाललेलं इंजिन मला कमी खपाच्या खास इंजिनापेक्षा जास्त भरवशाचं वाटतं.

तुमची डस्टर मॅन्युअल आहे की सीव्हीटी, आतापर्यंत किती किलोमीटर झाले आणि ऑइल कुठल्या ग्रेडचं घातलंय, एवढं खाली लिहा. त्यावरून रीमॅपचा विचार करावा की नाही ते नेमकं सांगता येईल.