अबू सालेमच्या अटी आणि आपला कायदा : काकांच्या प्रतिक्रियेला उत्तर

काका, माझ्या आधीच्या लेखावर तुम्ही लिहिलंत, "युरोपातल्या सामाईक सरकारी वकिलांचं कौतुक करता करता तुम्ही आपला फौजदारी कायदा परक्यांच्या हाती द्यायला निघालात. गुन्हा आमचा, शिक्षाही आम्हीच ठरवू." दुसरं वाक्य मला पूर्ण मान्य आहे, म्हणूनच सविस्तर लिहितो.

तुमचा रोख असलेल्या या युरोपीय सरकारी वकिलांचं लक्झेंबर्गमधलं कार्यालय १ जून २०२१ पासून काम करतंय. युरोपीय संघाच्या पैशांवर डल्ला मारणारे गुन्हे तेवढे ते पाहतं. खटला मात्र त्या त्या देशाच्याच कोर्टात चालतो. डेन्मार्क आणि आयर्लंड त्यात गेलेच नाहीत.

परदेशाशी अशा सहकार्याचं आपल्याकडचं उदाहरण अबू सालेमचं. २००५ मध्ये पोर्तुगालने त्याला आपल्या ताब्यात दिलं ते अटींवर: फाशी नाही आणि २५ वर्षांपेक्षा जास्त कैद नाही. १९९३च्या बॉम्बस्फोटांतल्या आरोपीसाठी अशी हमी देताना कुणालाही जड जाईल, मलाही जातं. पुढे वाढीव आरोप लावल्याने अटभंग झाल्याचं पोर्तुगालच्या कोर्टाने ठरवलं आणि आपल्याला काही आरोप मागे घ्यावे लागले. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सांगितलं की, सरकार त्या शब्दाला बांधील आहे. तुम्हाला यात हार दिसते. मला दिसतं ते हे, की तो आपल्या कोर्टात उभा राहिला, आपल्या कायद्याने दोषी ठरला. शब्द दिला नसता तर तो लिस्बनमध्येच राहिला असता.

एका बाबतीत मात्र मी तुमच्या बाजूने आहे. युरोपीय अटक वॉरंटमध्ये, म्हणजे संघातल्या देशांनी एकमेकांकडून आरोपी मागवण्याच्या पद्धतीत, ३२ प्रकारच्या गुन्ह्यांसाठी 'दोन्ही देशांत तो गुन्हा असायला हवा' ही तपासणीच होत नाही. ते आपल्याकडे नको. ती अट गेली, तर इथे गुन्हा नसलेल्या कृत्यासाठीही आपला माणूस परदेशाच्या हवाली करावा लागेल.

पण पुरावा मागायलाही हात आखडायचा का? माझ्या एका अशील बाई, निवृत्त शिक्षिका, ऑनलाइन फसवणुकीत आयुष्याची पुंजी गमावून बसल्या. पैसा तीन खात्यांतून फिरून परदेशात गेला. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याच्या, कलम ११२ प्रमाणे परदेशी यंत्रणेला विनंतीपत्र पाठवायचं की नाही, हे इथलंच, सिव्हिल लाइन्समधलं कोर्ट ठरवतं. म्हणजे ताबा आपलाच. बाई दर तारखेला येतात, उत्तर आलं का विचारतात, आणि मी नाही म्हणतो.

तुम्ही कोर्टात तीस वर्षं काढलीत. अशा विनंतीपत्रात कोणत्या अटी हव्यात, ते जरूर लिहा.