रोमन सम्राटाच्या तोंडावरचा घाव

सध्या एक मेसेज फिरतोय: ‘दक्षिण भारतात सापडलेल्या रोमन सोन्याच्या नाण्यांवर सम्राटाच्या तोंडावर छिन्नीचे घाव आहेत. परक्या राजाचा चेहरा आपल्या पूर्वजांना खपला नाही. मागची देवी मात्र त्यांनी राखली, कारण ती लक्ष्मी!’ सोबत फोटो. फोटो खरा आहे, घावही खरा आहे. त्यावरून काढलेला अर्थ मात्र मला पटत नाही.

आधी घावाचं बघू. तमिळनाडूत पुदुकोट्टईजवळ 1898 साली 501 रोमन सुवर्णनाणी सापडली, ऑगस्टसपासून व्हेस्पासियनपर्यंतच्या सम्राटांची. त्यातल्या बहुतेकांवर मुखड्यावर आडवी चीर आहे. राग काढायचा असता तर चेहरा ठेचला असता, खरवडला असता. इथे नेमका एकच काप. नाणेतज्ज्ञांचं प्रचलित मत असं, की नाणं चलनातून बाद केल्याची ही खूण. पुढे ते नुसतं सोनं, तोलून घ्यायचं. आतून तांबं निघतं का हे पाहण्यासाठी काप दिला असावा, असंही काही जण मानतात. दोन्ही कारणं सराफाला शोभणारी.

आता ‘लक्ष्मी’. टायबेरियसच्या नाण्यावर मागे आसनावर बसलेली एक स्त्री आहे, एका हातात राजदंड, दुसऱ्या हातात फांदी. कमळ नाही, हत्ती नाहीत. भोवतीची लॅटिन अक्षरं सम्राटाचं ‘मुख्य पुरोहित’ हे पद सांगतात. त्याची आई लिव्हिया शांतिदेवीच्या रूपात दाखवली आहे, असं अनेक अभ्यासक मानतात. भारतात वारंवार सापडणाऱ्या ऑगस्टसच्या नाण्यामागे तर देवीच नाही. त्याचे दत्तक मुलगे गायस आणि लुसियस तिथे ढाली-भाल्यांसह उभे आहेत.

तिरस्काराची गोष्ट तर आपल्याच मातीत खोटी ठरते. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला रोमन नाण्यांच्या मातीच्या नकला सापडल्या आहेत. नकोशा चेहऱ्याची नक्कल कोण करून ठेवेल? ‘दिनार’ हा शब्दही रोमन ‘डेनारियस’ या नाण्याच्या नावावरूनच आला आणि गुप्तकाळात दानलेखांत सोन्याच्या नाण्यासाठी रुळला.

रोमन लेखक प्लिनीने श्रीलंकेच्या राजाची हकिकत दिली आहे. एका रोमन माणसाजवळची नाणी त्याने पाहिली. त्यांवरचे चेहरे वेगवेगळ्या राजांचे, तरी वजन सारखंच. एवढ्यावरून त्याला रोमनांच्या सचोटीची खात्री पटली.