मानवी मनाचे नियम शोधण्याची सोपी पद्धत

गेल्या महिन्यात माझा मानसशास्त्रावरचा एक शोधनिबंध दुरुस्तीसाठी परत आला. शीर्षकात देशाचे नाव घालावे आणि हे निष्कर्ष इतर समाजांना कितपत लागू पडतील याची चर्चा करावी, अशी परीक्षकाची सूचना होती. सूचना रास्त होती, म्हणून मी ती मुकाट्याने मान्य केली आणि विरंगुळा म्हणून त्याच नियतकालिकाचा ताजा अंक उघडला. त्यात एका अमेरिकी विद्यापीठातील विद्यार्थ्यांवर केलेला अभ्यास होता, पण शीर्षकात देश नव्हता. नुसता ‘माणूस’ होता. तेव्हा कुठे माझी चूक माझ्या ध्यानात आली. ती आपल्या हातून होऊ नये, यासाठी हे चार अनुभवाचे बोल.

पहिली गोष्ट म्हणजे माणसे शोधत फिरू नये. मानसशास्त्राच्या पहिल्या वर्षाचा वर्ग शेजारच्याच दालनात भरतो, आणि प्रयोगात भाग घेतल्याबद्दल श्रेयांक मिळत असल्यामुळे ती मुले आपण होऊन येतात. मानसशास्त्रज्ञ जेफ्री आर्नेट यांनी २००८ मध्ये अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या सहा प्रमुख नियतकालिकांचा हिशोब मांडला, तेव्हा २००३ ते २००७ या काळातील अभ्यासांचे ६८ टक्के नमुने, म्हणजे ज्यांच्यावर प्रयोग झाले ते गट, अमेरिकेतील आणि एकूण ९६ टक्के पाश्चात्त्य औद्योगिक देशांतील निघाले. या देशांत जगाची जेमतेम १२ टक्के लोकसंख्या राहते. उरलेल्या ८८ टक्क्यांनाही मन असते असे ऐकिवात आहे, परंतु त्यांच्यापर्यंत पोहोचायला प्रवासखर्च लागतो.

प्रश्नावलीचे भाषांतर झाले की संस्कृतीचेही झाले, असे समजावे.

उत्तरे वेगळी आली तर त्यांना ‘विचलन’ म्हणावे.

बुद्धी मोजायची असेल, तर बरोबर उत्तर कोणते हे आधी स्वतःच ठरवून ठेवावे. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्याने निरक्षर आणि इंग्रजी न येणाऱ्या नव्या शिपायांसाठी चित्रांची चाचणी तयार केली, कारण चित्रांना भाषा लागत नाही. एका चित्रात टेनिसचे मैदान होते आणि त्यात काय राहिले आहे ते ओळखायचे होते. राहिली होती जाळी. ज्याने जन्मात टेनिसचे मैदान पाहिले नव्हते, त्याची बुद्धी तेवढ्याने कमी भरली. मानसशास्त्रज्ञ कार्ल ब्रिघम यांनी सैन्याच्या याच चाचण्यांतील गुणांच्या आधारे १९२३ मध्ये उत्तर युरोपीय वंशाला श्रेष्ठ ठरवले आणि १९३० मध्ये आपले निष्कर्ष निराधार असल्याचे स्वतःच कबूल केले. तोवर स्थलांतरितांवर कोटा लादणारा १९२४ चा कायदा सहा वर्षे जुना झाला होता. कबुली द्यायला हरकत नसते, ती उशिरा द्यावी एवढेच.

आणि पश्चिम आफ्रिकेतल्या लायबेरियातील क्पेले जमातीच्या शेतकऱ्यांचे काय करावे? त्यांच्यापुढे वीस वस्तू ठेवून गट पाडायला सांगितले, तेव्हा त्यांनी सुरी संत्र्याजवळ ठेवली, कारण संत्रे सुरीने कापतात. अन्न एकीकडे, अवजारे एकीकडे, हे ‘प्रगत’ उत्तर काही येईना. शहाणा माणूस असेच करील, असे ते सांगत राहिले. अखेर हतबल संशोधकाने विचारले, की मूर्ख माणूस हे कसे करील? त्याबरोबर त्यांनी अन्नाचा, अवजारांचा, भांड्यांचा असे नेटके ढीग लावून दाखवले. म्हणजे वर्गीकरण त्यांना येत होते. ते त्यांना मूर्खपणाचे वाटत होते. या अभ्यासातले संशोधक जोसेफ ग्लिक यांनी निदान हा प्रकार प्रामाणिकपणे नोंदवला. तो प्रश्न न विचारताच जे घरी परतले, त्यांच्या तक्त्यांत किती शहाणी माणसे मंद म्हणून नोंदली गेली, याचा हिशोब कोण देणार? तक्ते छापले, पदव्या मिळाल्या, पाठ्यपुस्तके निघाली, आणि त्यांतूनच पुढच्या पिढीने ‘मानवी विचारप्रक्रिया’ शिकून घेतली!

पाश्चात्त्य नमुन्यांवरून साऱ्या मानवजातीविषयी बोलू नये असे बजावणारा हेन्रिक, हाइने आणि नोरेन्झायन यांचा २०१० मधील लेख आपल्या निबंधातील मर्यादांच्या परिच्छेदात उद्धृत करावा आणि पुढच्या प्रयोगासाठी पुन्हा त्याच वर्गात जावे.

हा आळस आहे, आणि त्याला विज्ञान म्हणू नका. दोन सारख्या रेघांच्या टोकांना उलटसुलट बाण काढले की एक लांब भासते, हा म्युलर-लायर भ्रमसुद्धा दक्षिण आफ्रिका खंडातल्या कालाहारी वाळवंटातील सान लोकांना जवळजवळ होत नाही, हे १९६६ पासून छापलेले आहे. रेघ पाहण्याइतकी साधी क्रियाही सर्वत्र सारखी नसेल, तर नीती, दुःख, आत्मसन्मान यांविषयी एका वर्गखोलीतून साऱ्या मानवजातीचा निवाडा देण्याचा अधिकार तुम्हाला कोणी दिला? आणि पश्चिमेबाहेरच्या माझ्या सहकाऱ्यांनो, तुम्हीही हसू नका. उसनी प्रश्नावली भाषांतरित करायची, विश्वासार्हतेचा गुणांक छापायचा आणि आपल्या माणसांचे गुण कमी आले की दोष त्यांच्यातच शोधायचा, हे आपणच करत आलो आहोत. परत आलेल्या त्या निबंधातील मोजपट्टीही माझी नव्हती.

शीर्षकात देशाचे नाव मी घातले आहे. परीक्षक महाशय, आता तीच सूचना त्या दुसऱ्या लेखकालाही पाठवा.