हलका छर्रा म्हणजे पक्का नेम? हिशेब वेगळंच सांगतो

नागपुरात एअर रायफल नव्याने हाती घेणाऱ्यांच्या मोबाइलवर एक निरोप फिरत असतो. त्यात पाच गोष्टी ठासून सांगितल्या आहेत: छर्रा जितका हलका तितका वेग जास्त आणि नेम पक्का, खोक्यावर वेगाचा आकडा मोठा तीच रायफल भारी, टोकदार छर्रा सरळ जातो, वजन जुळलं की कोणताही छर्रा चालतो, आणि उन्हाळ्यात नळीत तेलाचे दोन थेंब टाकावेत. पाचही चुकीच्या आहेत, पण चुकीची कारणं वेगवेगळी आहेत. इथे बोलणं फक्त ४.५ मिमीच्या, कागदी निशाण्यावर चालवायच्या रायफलीचं. (२०१६ च्या शस्त्र नियमांनुसार ४.५ मिमी आणि २० ज्यूलपर्यंतच्या एअर रायफलीला परवाना लागत नाही. म्हणून संत्र्याच्या बागेतल्या पाखरांवर आणि माकडांवर ती रोखायची मुभा मिळते, असा अर्थ कुणी काढू नये.)

पहिला दावा सगळ्यात मोहक आहे, म्हणून तो आकड्यांनीच तपासू. १० मीटरची मॅच रायफल ०.५३ ग्रॅमचा, म्हणजे सुमारे ८.२ ग्रेनचा (ग्रेन हे छर्र्याचं वजन सांगायचं एकक) छर्रा साधारण १७० मीटर प्रतिसेकंद वेगाने सोडते. ऊर्जा होते साडेसात ज्यूलच्या आसपास. तेवढ्याच ऊर्जेत ०.४५ ग्रॅमचा छर्रा १८५ च्या घरात जाईल. निशाण्यापर्यंत जड छर्रा जेमतेम १९ मिमी खाली येतो आणि हलका १६ मिमी. हा फरक दर वेळी तेवढाच असतो, त्यामुळे साइटचे, म्हणजे नेम धरायच्या यंत्रणेचे, काही क्लिक फिरवले की तो संपला. ज्याचा त्रास होतो ती आडवी हवा, आणि तिथे वेग कामाला येत नाही. वाऱ्याने छर्रा किती सरकेल हे तो वाटेत किती वेग गमावतो यावर ठरतं, आणि चपट्या डोक्याचा हलका छर्रा वेग लवकर गमावतो. वाटभर १ मीटर प्रतिसेकंदाची आडवी झुळूक धरली तर जड छर्रा सुमारे ३ मिमी सरकतो आणि हलका, जास्त वेगाचा असूनही, ३.३ मिमी. निशाण्यावर एका वलयापासून दुसरं २.५ मिमीवर असतं आणि दहाचा ठिपका अवघा अर्ध्या मिमीचा. म्हणजे एवढीशी झुळूकही वलय बदलायला पुरते. मे महिन्यात हॉलच्या खिडकीत लावलेला कूलर अशी झुळूक आरामात देतो. छर्रा बदलण्याआधी कूलरचं तोंड फिरवा.

दाव्यात तथ्य आहे ते एवढंच की हलका छर्रा नळीतून थोडा लवकर सुटतो, त्यामुळे हात हलायला वेळ कमी मिळतो. ही बचत सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी असते. उभ्याने नेम धरणारा कुणी तेवढ्यासाठी हलका छर्रा निवडत असेल तर हरकत नाही, पण नवख्याच्या चुका त्याहून कितीतरी मोठ्या असतात.

स्प्रिंगच्या रायफलीत, म्हणजे दाबलेली स्प्रिंग सुटून पिस्टन ढकलते आणि त्या दाबाच्या हवेने छर्रा सुटतो अशा रायफलीत, हलक्या छर्र्याची किंमत यंत्राला मोजावी लागते. पिस्टन पुढे धावतो तेव्हा समोर दाबलेल्या हवेची गादी असावी लागते. छर्रा फार लवकर सुटला की ती गादी राहत नाही, पिस्टन सिलिंडरच्या टोकावर आदळतो, सील फाटतं, स्प्रिंग लवकर थकते. उलट फार जड छर्रा असेल तर पिस्टन मागे उसळतो आणि वेग पडतो. साध्या स्प्रिंग रायफलीला ७ ते ८.५ ग्रेन मानवतं.

दुसरा दावा जाहिरातीवर पोसलेला आहे. खोक्यावरचे मोठे आकडे बहुधा ५ ग्रेनच्या आसपासच्या, शिसं नसलेल्या हलक्या छर्र्यांवर मिळवलेले असतात. १००० फूट प्रतिसेकंद म्हणजे ३०५ मीटर. ऊर्जा १५ ज्यूल. त्याच ऊर्जेत ८.४ ग्रेनचा शिशाचा छर्रा ७७० फुटांवर येतो. शिवाय ३०५ हा आवाजाच्या वेगाच्या जवळचा आकडा आहे. त्या पट्ट्यात मधून बारीक कमरेचा छर्रा डगमगू लागतो आणि गट, म्हणजे एकाच नेमाने मारलेल्या छर्र्यांच्या भोकांचा पुंजका, पसरतो. जानेवारीत पहाटे १२ अंशांवर आवाजाचा वेग सुमारे ३३९ असतो, मेच्या ४५ अंशांवर ३५८. म्हणजे थंडीत हा त्रास वाढतो.

टोकदार छर्र्याबद्दल थोडक्यात: डब्यात आपटून त्याचं मऊ टोक सहज वाकतं, आणि टोक मध्यावरून सरकलं की छर्रा डोलत जातो. १० मीटरला चपटं डोकं घ्या, त्याचं भोक स्वच्छ पडतं आणि गुण नीट मोजता येतात. २५ मीटरच्या पुढे गोल डोकं.

“वजन जुळलं की झालं” हे अर्धसत्य आहे. एकाच वजनाचे छर्रे डोक्याच्या ४.४८ ते ४.५२ मिमी अशा वेगवेगळ्या व्यासांत मिळतात, आणि कुठल्या नळीला कोणतं बसेल हे खोक्यावरून कळत नाही. चाचणी अशी करा. दोन वजनं आणि दोन मापं, मिळून चार डबे घ्या. रायफल टेकूवर ठेवा. डबा बदलला की आधी १५-२० छर्रे नुसते सोडा, म्हणजे नळीत नव्या शिशाचा थर बसेल. मग प्रत्येकी १० छर्र्यांचे तीन गट मारा. पाचांचा गट फसवतो, कारण अधूनमधून भरकटणारा एखादा छर्रा त्यात सापडतच नाही. गटाच्या बाहेरच्या कडांमधलं अंतर मोजून त्यातून ४.५ मिमी वजा करा. जिंकलेल्या डब्याचा बॅच नंबर टिपून त्याच बॅचचे छर्रे एकदम घ्या; पुढच्या बॅचला पुन्हा चाचणी. वजन पाहायचंच तर इतवारीच्या सराफ्यात असतो तसला १ मिलिग्रॅमचा काटा पुरे, पण आधी मागचा पोकळ घेर चेपलेले छर्रे डोळ्यांनी वेचून काढा, जास्त फायदा त्यातच आहे. शिसं हाताळल्यावर साबणाने हात धुवा.

तेलाचा सल्ला मात्र धोक्याचा आहे. स्प्रिंग रायफलीत पिस्टनपुढची हवा दाबली जाऊन इतकी तापते की खनिज तेल पेटतं. मोठा आवाज, धूर, प्रत्येक फेरीचा वेग वेगळा आणि सील जळतं ते वेगळंच. दाबाच्या हवेवर चालणाऱ्या रायफलीत तेल नकोच. तिथे उन्हाळ्याची काळजी दुसरी आहे: ३० अंशांवर २०० बारपर्यंत (बार हे दाबाचं एकक) भरलेला हवेचा सिलिंडर बंद गाडीत ६५ अंशांना तापला तर दाब २२० बारच्या वर जातो. गाडीने न्यायचा असेल तर तो कमी भरा, आणि सिलिंडरवर छापलेली मुदत संपली असेल तर भरूच नका.