‘कान आहेत ना, मग बोटांचे लाड कशाला?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर,

फिरतीच्या कामात सोबत न्यायच्या ब्रेल डिस्प्लेवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही सविस्तर लिहिलंत. ब्रेल डिस्प्ले म्हणजे फोनला जोडायचं यंत्र; फोनवरचा मजकूर ते वर येणाऱ्या ठिपक्यांच्या ब्रेल ओळीत बोटांखाली आणतं, आणि त्या ओळीतलं एका ब्रेल चिन्हाचं घर म्हणजे सेल. लेखात माझं सांगणं एवढंच होतं की ज्याला मराठीत वाचायचं आहे आणि गावोगाव हिंडून काम करायचं आहे, अशा अंध माणसाने २० सेलच्या खालचं यंत्र घेऊ नये; ऐपत असेल तर ४०चं घ्यावं. त्यावर तुमचे आक्षेप असे: किंमत आवाक्याबाहेरची आहे, १४ सेलचं यंत्र खिशात मावतं तेवढं पुरे, ब्लूटूथची कटकट असते, सोलापूरच्या घामा-धुळीत ठिपके अडकणार. आणि शेवटी हे वाक्य: ‘मोबाइल बोलतो, कान शाबूत आहेत, मग बोटांचे हे लाड कशाला? माझा भाचाही अंध आहे, त्याचं काही अडत नाही.’

घामाचं तुमचं म्हणणं अगदी बरोबर आहे. एप्रिल-मे महिन्यांत बोटांचा घाम आणि मळ ठिपक्यांच्या भोकांत जातो, ठिपके नीट वर येत नाहीत. म्हणून मी वाचण्याआधी हात धुतो आणि कोरडे करतो. ही सूचना वाचकांच्या उपयोगाची आहे, त्याबद्दल आभार.

आता ते शेवटचं वाक्य. सर, तुम्ही सकाळी वर्तमानपत्र उघडता तेव्हा घरातलं कोणी विचारतं का, की रेडिओ आहे, कान आहेत, मग डोळ्यांचे लाड कशाला? नाही ना विचारत? मग मलाच का? डोळस माणसाचं वाचन ही गरज आणि आमचं वाचन हे लाड, ही वाटणी कोणी केली? तुम्ही ते सहज लिहून गेला असाल, पण लहानपणापासून या सुरातलं इतकं ऐकलंय की आता ते सहज घेता येत नाही.

मी जन्मापासून अंध आहे. ब्रेल पाटीवर कागद अडकवून, उजवीकडून डावीकडे उलटं टोचत अक्षरं शिकलो. कायद्याची पुस्तकं मित्रांनी मोठ्याने वाचून कॅसेटवर भरून दिली, ती ऐकून परीक्षा दिल्या. म्हणजे कानांवर शिकणं काय असतं, हे मला कोणी समजावून सांगायची गरज नाही. सोलापूरच्या जिल्हा न्यायालयात वकिली सुरू केली तेव्हा जाड कागदावर टोचलेली टिपणं घेऊन उभा राहायचो. घरी पर्किन्स ब्रेलर, म्हणजे ब्रेलचा टाइपरायटर, होता, पण पावणेपाच किलोंचं ते धूड एसटीत घालून बार्शीला, मंगळवेढ्याला कसं न्यायचं? फोनच्या पडद्यावरचं वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर आल्यावर मीही हरखून गेलो होतो. कानात इअरफोन, हातात फोन, आता कोणावर अवलंबून राहणं नाही, असं वाटलं होतं.

मग उलटतपास घ्यायची वेळ आली. समोर साक्षीदार बोलतोय. तो कुठे अडखळला, कुठे आवाज उतरला, प्रश्न टाळला की खरंच आठवत नाही, हे सगळं मला कानांनीच कळतं. तुम्ही त्याचा चेहरा पाहाल; माझ्याकडे त्याचा आवाजच आहे. त्याच क्षणी मला त्याच्या प्रतिज्ञापत्रातला चौथा परिच्छेद हवा असतो. तो इअरफोनमधून ऐकायला गेलो की साक्षीदाराचं वाक्य निसटतं आणि साक्षीदार ऐकला की परिच्छेद निसटतो. मध्येच न्यायाधीश काही विचारतात, बाजूने पक्षकार कानाशी कुजबुजतो. एका न्यायालयात तर कानात काय घातलंय ते काढा, असं भर सुनावणीत ऐकावं लागलं. डिस्प्ले बाकावर ठेवला की कान साक्षीदाराकडे आणि बोटं परिच्छेदावर. ज्याला तुम्ही लाड म्हणता, त्याच्या जिवावर माझी वकिली चालते.

दुसरं असं की ‘सुनिता’ आणि ‘सुनीता’ हे फोन सारखंच वाचतो. सातबाऱ्यावर एक आणि खरेदीखतावर दुसरं असेल तर समोरचा वकील तेवढ्यावरून शंका काढतो. ब्रेलमध्ये ह्रस्व इ आणि दीर्घ ई यांची चिन्हं वेगळी आहेत, बोट फिरलं की चूक हाताला लागते. गट नंबर, चतुःसीमा, निशाणीचे आकडे ऐकून लक्षात ठेवण्याच्या गोष्टी नाहीत; त्यांच्यावर पुन्हा पुन्हा बोट ठेवावं लागतं.

तुमच्या भाच्याचं अडत नाही, ही आनंदाची गोष्ट आहे. पण त्याचं काम कोणतं, त्याला ब्रेल शिकवलं गेलं होतं का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. हातात न दिलेल्या वस्तूवाचून अडत नाही, हे कोणाच्याही बाबतीत म्हणता येईल. एका नातेवाइकाच्या आधारावर सगळ्या अंधांचा निकाल लावू नका, ही विनंती.

१४ सेलबद्दल थोडक्यात. १९५१ साली ठरलेल्या भारती ब्रेलमध्ये काना-मात्रा-वेलांटीला स्वतंत्र घर लागतं आणि जोडाक्षरातल्या हलन्तालाही. ‘प्रतिज्ञापत्र’ हा शब्द तुम्हाला पाच अक्षरांचा दिसतो, बोटाखाली तो ११ घरं खातो. इंग्रजी ब्रेलमध्ये संक्षेप आहेत, तिथे १४ सेलमध्ये भागत असेल. मराठी वाचताना दर शब्दाला पुढचं बटण दाबत बसावं लागेल. हे लेखात होतं. तुम्ही तो भाग वाचला नसावा.

ब्लूटूथचं म्हणाल तर अँड्रॉइड १३पासून टॉकबॅक या फोनमधल्या स्क्रीन रीडरमध्येच ब्रेल डिस्प्लेची सोय आहे, वेगळं ॲप लागत नाही. ती कटकट आता फारशी राहिलेली नाही.

किंमत जास्त आहे, हे कोणी नाकारलं? बहुतेक यंत्रांत एकेका सेलला आठ ठिपके आणि प्रत्येक ठिपक्याखाली विजेने वाकणारी एक बारीक पट्टी असते. सेल वाढले की खर्च वाढतोच. वेगळ्या तंत्राची २० सेलची स्वस्त यंत्रं आहेत, त्यांचे ठिपके कागदावरच्यासारखे ताठ लागतात; पण ओळ बदलायला ती वेळ घेतात आणि खरखर आवाज करतात. घरी वाचायला उत्तम, शांत कोर्टात सगळ्यांच्या माना वळतात. ज्याने त्याने आपलं काम पाहून ठरवावं. पण ‘महाग आहे’ म्हणणं वेगळं आणि ‘तुम्हाला लागतंच कशाला’ म्हणणं वेगळं. पहिलं म्हणालात तर मी तुमच्या बाजूने बोलेन. दुसरं मी कोणाकडूनही ऐकून घेणार नाही.

भाच्याला खरंच पाहायचं असेल तर एखाद्या शनिवारी माझ्याकडे पाठवा. माझं यंत्र त्याच्या फोनला जोडून देतो, स्वतःच्या कामाचा एखादा मराठी कागद फोनमध्ये घेऊन त्याने यावं. आणि त्याने जे काय म्हणायचं ते इथे त्यानेच लिहावं.